घोड्याचे लंगडणे आणि हाडातील पुटी

बेंगळुरू शहराचा आणि घोड्याचा संबंध जुना आहे. १६३८ च्या सुमारास हे ठाणे आदिलशाहीकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यांच्यामागोमाग शिलेदार-बारगीरांच्या पागाही येथे आल्या असणार हे सांगावयास नको. येथून सुमारे ७० किलोमीटरांवरील कुणिगल हे गाव टिपू सुलतानाच्या काळापासून घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या रिसाल्याच्या जोडीने ज्या म्हैसूर लान्सर्सनी भाले रोखून हायफा शहर जिंकले, त्यांचे स्मारक याच शहरात उभे आहे. आज लढाईचे घोडे उरले नाहीत. पण हाय ग्राउंड्स भागातील शर्यतीचे मैदान आहे, रपेट शिकविणाऱ्या शाळा आहेत, आणि २०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत घोडेस्वारीचे वैयक्तिक रौप्यपदक मिळविणारा फवाद मिर्झा हा स्वार याच शहरचा. हेब्बाळ येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. अशा शहरात ‘घोडा लंगडतो आहे’ हे तीन शब्द कानी पडले की मालक, शिक्षक, स्वार आणि मोतद्दार या सर्वांच्या काळजात धस्स होते, यात नवल नाही.

लंगडणे हा स्वतः रोग नव्हे. ताप हे जसे अनेक रोगांचे लक्षण, तसेच लंगडणे हे अनेक दुखण्यांचे लक्षण आहे. खुरात खिळा रुतला तरी घोडा लंगडतो, नाल वेडीवाकडी बसली तरी लंगडतो, शीर ताणली तरी लंगडतो. या सर्व कारणांतील एक कारण मात्र मोठे फसवे आहे. बाहेरून सूज नाही, जखम नाही, हात लावला तर ऊन लागत नाही, आणि तरीही दोन-तीन वर्षांचे धडधाकट जनावर तालमीला लावताच एका मागच्या पायाने अडखळू लागते. चार दिवस विश्रांती दिली की बरे वाटते, पुन्हा पळविले की पुन्हा तेच. अशा घोड्याच्या सांध्यालगतच्या हाडात पुष्कळदा एक लहानशी पोकळी सापडते. तिला अस्थिपुटी म्हणावे. ही पुटी कशी होते, ती कशी ओळखतात आणि शस्त्रक्रियेने तिचे काय करता येते, याचा हा विचार आहे.

आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा फार प्राचीन आहे. शालिहोत्र या ऋषीच्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला मराठीत ‘सालोत्री’ हा शब्द आला. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावर असलेले अश्वचिकित्सेचे संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहेत. पागेवरचा सालोत्री घोड्याची चाल पाहून, टापांचा आवाज ऐकून दुखणे कोठे आहे याचा अंदाज बांधीत असे, आणि तो अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरे. तथापि हाडाच्या पोटातील पोकळी पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागल्यावरच हाड न फोडता हाडात डोकावणे शक्य झाले. त्यानंतरही घोड्यांतील या पुटींचे पद्धतशीर वर्णन व्हावयास विसाव्या शतकाची सहा दशके जावी लागली. पीटर्सन आणि सेव्हेलियस यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला लेख या विषयातील आरंभीच्या लेखांपैकी एक होय. रोग जुना आहे, त्याची ओळख मात्र नवी आहे.

पुटी कोठे होते हे समजण्यासाठी घोड्याचा पाय नीट पाहावयास हवा, आणि तो बहुतेक जण चुकीचा पाहतात. घोड्याच्या पुढच्या पायाच्या मध्यावर जो सांधा वाकतो त्याला लोक गुडघा म्हणतात. वस्तुतः ते त्याचे मनगट आहे. मागच्या पायाच्या मध्यावर मागे टोक काढून असलेला जो सांधा दिसतो, ती त्याची टाच. तेथून खाली घोडा आपल्या एकाच बोटावर, नव्हे एकाच नखावर उभा असतो. खूर म्हणजे ते नख. मग त्याचा खरा गुडघा कोठे? तो मागच्या पायाच्या अगदी वरच्या भागात, पोटाची कातडी जेथे घडी घालून मांडीला मिळते त्या जागी, असतो. मांसल भागात दडल्यामुळे तो सांधा आहे हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. या सांध्यात मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या हाडावर टेकतात. त्यांतील आतल्या बाजूच्या टोकावर भार अधिक येतो, आणि अस्थिपुटी सर्वांत जास्त तेथेच आढळते. खुराच्या वरचा सांधा, खुराच्या आतील हाड, पुढच्या पायाचे कोपर आणि खांदा येथेही ती होते, परंतु गुडघ्याची पुटी हीच या रोगाची खरी घरधनीण आहे.

आता ती का होते? शिंगराच्या हाडांची टोके जन्मतः कठीण नसतात. तेथे कूर्चेचा जाड थर असतो, आणि शिंगरू वाढते तसतशी त्या थराची खालची बाजू हळूहळू हाडात रूपांतरित होत जाते. ओली माती खालून वाळत वाळत वर यावी, तशी ही क्रिया आहे. हे काम करण्यासाठी बारीक रक्तवाहिन्या कूर्चेत शिरतात. एखाद्या ठिकाणी हा रक्तपुरवठा तुटला, तर तेथील कूर्चा हाड न होता तशीच राहते, जाड होते, मरते आणि मऊ पडते. आजूबाजूला पक्के हाड आणि मधे एक कच्ची जागा, अशी स्थिती झाली की वरून पडणारा प्रत्येक भार त्या कच्च्या जागेला आत दाबतो. अखेर कूर्चेला चीर जाते आणि सांध्यातील वंगणासारखा द्रव त्या चिरेतून खाली शिरतो. घोडा पाऊल टाकतो तेव्हा सांध्यात दाब वाढतो आणि द्रव आत ढकलला जातो. पंपाने पाणी मारावे तसे हे रोज हजारो वेळा घडते, आणि भोवतालचे हाड मागे हटत जाऊन घुमटासारखी पोकळी तयार होते.

ही एक उपपत्ती झाली. दुसरी उपपत्ती आघाताची. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण घोड्यांच्या सांध्यातील कूर्चेला आणि तिच्याखालील हाडाला मुद्दाम इजा करण्यात आली, तेव्हा पुढे तेथे पुटी तयार झाल्याचे आढळले. म्हणजे जन्मजात दोष नसला तरी एका जोरदार ठेचेनेही हे दुखणे सुरू होऊ शकते. यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. पुटी ही नुसती पोकळी नसते. तिला आतून तंतुमय अस्तर असते. २००० सालाच्या सुमारास झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, हे अस्तर दाह निर्माण करणारी आणि हाड विरघळविणाऱ्या पेशींना चेतविणारी द्रव्ये स्वतःच स्रवते. घरात शिरलेला पाहुणा घराचीच भिंत पोखरू लागावा, तसा हा प्रकार आहे. पुटी आपोआप का भरून येत नाही आणि ती का दुखते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या अस्तरात आहे. पुढे शस्त्रक्रियेचा जो भर त्या अस्तरावर राहिला, त्याचे कारणही हेच.

निदानाची सुरुवात यंत्राने होत नाही, डोळ्यांनी होते. घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर हातात दोर धरून आधी चालवितात आणि मग दुडक्या चालीने पळवितात. दुडकीच का? कारण त्या चालीत कर्णरेषेवरचे दोन पाय एकदम पडतात आणि चारही पायांवर भार सारखा वाटला जातो. त्यामुळे एक पाय जरी कुचराई करू लागला तरी ते नजरेत भरते. भरधाव धावणाऱ्या घोड्याचे लंगडणे तज्ज्ञालाही दिसत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना घोडा डोके वर झटकतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक वर-खाली होतो. येथे नवशिक्याची फसगत होते. मागचा डावा पाय दुखणारा घोडा, तो पाय टेकताना अंगाचा भार पुढे टाकण्यासाठी डोके खाली घालतो; त्याच क्षणी त्याचा पुढचा उजवा पाय टेकलेला असतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की, पुढच्या उजव्या पायावर तो विश्वासाने भार टाकतो आहे, तेव्हा दुखणे पुढच्या डाव्या पायात असले पाहिजे. पुढच्या पायाची नाल काढून, खूर तासून, पोटीस बांधून आठ-आठ दिवस वाया गेल्याची उदाहरणे कोणत्याही शर्यतीच्या मैदानावर ऐकावयास मिळतात. म्हणूनच जाणता पशुवैद्य डोके आणि पुठ्ठा दोन्हींकडे लक्ष ठेवतो आणि घोड्याला बाजूने, पुढून व मागून असे तिन्हीकडून पाहतो. लंगडण्याची तीव्रता शून्यापासून पाचपर्यंत मोजण्याची पद्धत आहे. गुडघ्यातील पुटीने घोडा बहुधा दोन किंवा तीन या पायरीवर लंगडतो. वर्तुळात फिरविला की अधिक.

त्यानंतर चाचपणी. खुरापासून प्रारंभ करावयाचा हा नियम आहे, कारण लंगडण्याची बहुसंख्य कारणे खुरातच असतात. सांडशीसारख्या चिमट्याने खूर दाबून पाहतात, शिरा चाचपतात, सांध्यावरची सूज पाहतात. मग एकेक सांधा सुमारे एक मिनिट घट्ट मुडपून धरतात आणि सोडताच घोड्याला पळवितात. दुखऱ्या सांध्याची घडी घातली असेल तर पहिली काही पावले तो अधिक लंगडतो. या कसोटीने दिशा कळते, जागा नक्की कळत नाही. वरचा गुडघा मुडपला की टाचेचा सांधाही आपोआप मुडपतो, ही अडचण आहे.

जागा नक्की करण्याचा उपाय म्हणजे त्या-त्या भागाला बधिर करणे. ही युक्ती मोठी तर्कशुद्ध आहे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाला ‘येथे दुखते का?’ असे विचारण्याचा तो एक मार्ग आहे. खालच्या टोकापासून सुरुवात करून एकेका मज्जातंतूजवळ किंवा एकेका सांध्यात बधिरतेचे औषध टोचावयाचे आणि दर खेपेस घोड्याला पळवून पाहावयाचे. ज्या टोचणीनंतर लंगडणे थांबते, त्या टोचणीच्या टापूत दुखणे. गुडघ्याच्या सांध्यात तीन कप्पे असतात. आतल्या बाजूच्या कप्प्यात औषध सोडल्यावर घोडा सुधारला तर संशय बळावतो. पण पुटी हाडाच्या पोटात असते आणि औषध सांध्याच्या पोकळीत असते. त्यामुळे पुष्कळदा सुधारणा अर्धवटच होते किंवा उशिरा होते. पाच मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून गुडघा निर्दोष ठरविणे हा घाईचा न्याय होय. अर्धा तास थांबणारा पशुवैद्य येथे अधिक यशस्वी ठरतो. सांध्यात सुई घालताना निर्जंतुकतेबाबत काडीइतकीही हयगय चालत नाही. सांध्यात जंतू शिरले तर मूळ दुखण्यापेक्षा उपचारच जीवघेणा ठरतो.

इतके झाल्यावर क्ष-किरणांची पाळी येते. गुडघ्याचे चित्र घेणे हे खुराचे चित्र घेण्याइतके सोपे नाही. पुटी नीट दिसावी म्हणून किरण मागून पुढे सोडावे लागतात. म्हणजे यंत्र घेऊन घोड्याच्या मागे उभे राहावे लागते, आणि चित्राची पाटी समोरून मांडीच्या फटीत सरकवावी लागते. दुखऱ्या जागी पाटीचा स्पर्श होताच लाथ बसण्याचा संभव असतो. त्यासाठी घोड्याला गुंगीचे औषध देतात. शिवाय तिरकस आणि पाय मुडपून बाजूने अशी आणखी चित्रे घेतात, कारण लहान पुटी एका कोनातून दडते आणि दुसऱ्या कोनातून उघड होते. चित्रात ती गोल किंवा घुमटाकार काळसर डागासारखी दिसते. तिच्याभोवती पांढरी किनार असेल तर भोवतालचे हाड घट्ट झाले आहे, म्हणजे दुखणे काही काळाचे आहे, असे समजतात. एका पायात पुटी सापडली की दुसऱ्या पायाचेही चित्र घेणे आवश्यक असते. दोन्ही गुडघ्यांत पुटी असणे दुर्मिळ नाही. सांध्यातील गादीसारख्या कूर्चा व बंध यांची स्थिती ध्वनिलहरींच्या चित्राने कळते, आणि खालच्या सांध्यांसाठी आता चुंबकीय चित्रणाचाही उपयोग होतो.

येथे एक इशारा द्यावयास हवा. चित्रातील डाग म्हणजे दुखणे नव्हे. आयुष्यभर एक दिवसही न लंगडलेल्या घोड्याच्या हाडातही पुटी सापडते. वर्षा-दीड वर्षाच्या शिंगरांच्या विक्रीपूर्वी क्ष-किरण चित्रे पाहण्याची प्रथा पडल्यापासून हा प्रश्न तीव्र झाला आहे. पैदास करणाऱ्याने वर्षभर चंदी-चारा घालून वाढविलेले शिंगरू केवळ एका काळ्या ठिपक्यापायी मातीमोल व्हावे काय? आणि उलट, तो ठिपका माहीत असताना खरेदीदाराने डोळे झाकून पैसे मोजावेत काय? पुटीचा आकार, खोली आणि सांध्याकडे असलेल्या तोंडाची रुंदी पाहून तज्ज्ञ मत देतात, परंतु ते मत शेवटी संभाव्यतेचे असते. चाल, बधिरतेची कसोटी आणि चित्र या तिघांची साक्ष जुळली तरच पुटीला आरोपी ठरवावे, हा न्याय या क्षेत्रात सर्वमान्य आहे.

पुटी हेच कारण ठरले म्हणजे उपायांचा विचार सुरू होतो. सर्वांत साधा उपाय विश्रांतीचा. शिंगरू लहान असेल, पुटी उथळ असेल, तर काही महिने ठाणबंद ठेवून व बेताने फिरवून कित्येक घोडे सुधारतात. पण शर्यतीच्या घोड्याला महिन्यांचा हिशेब परवडत नाही. डर्बीसारखी शर्यत ठरावीक वयाच्या घोड्यांसाठी असते. ते वर्ष हुकले की ती संधी त्या घोड्याच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. येथेच मोहाची जागा आहे. वेदनाशामक औषध दिले की घोडा लंगडत नाही, आणि लंगडत नाही म्हणजे बरा झाला असे स्वतःला पटविणे मालकाला सोपे जाते. शर्यतीचे नियम अशा औषधांवर पळण्यास बंदी करतात, आणि ती बंदी केवळ प्रामाणिकपणापुरती नाही. साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा घोडा ताशी साठ किलोमीटरांच्या वेगाने धावताना एकेका पायावर स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार झेलतो. वेदना ही त्या पायाची राखणदार आहे. तिला झोपविले तर अधू सांधा राखणीवाचून धावतो, आणि त्या पाठीवर जॉकी बसलेला असतो. घोडा कोसळला तर दोन जीवांचा प्रश्न येतो.

शस्त्रक्रियेचा इतिहास हा बराचसा चुका सुधारण्याचा इतिहास आहे. पूर्वी सांधा मोठा छेद घेऊन उघडीत. जखम भरण्यास वेळ लागे आणि जंतुदोषाचे भय मोठे असे. माणसाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहण्याचा एक आरंभीचा प्रयत्न जपानमधील केंजी ताकागी यांनी १९१८ साली केला. ते तंत्र पुढे मासाकी वातानाबे यांनी व्यवहार्य केले, आणि १९७० नंतरच्या काळात ते घोड्यांच्या शस्त्रक्रियेत आले. आर्थ्रोस्कोप नावाची ही नळी पेन्सिलीहून बारीक, सुमारे चार मिलिमीटर जाडीची असते. सांध्यात निर्जंतुक द्रव भरून तो फुगवितात, बोटभर अंतरावर दोन लहान छिद्रे पाडतात, एकातून दुर्बीण आणि दुसऱ्यातून हत्यार आत जाते, आणि शस्त्रवैद्य पडद्यावर पाहत काम करतो. पुटीचे तोंड शोधून आतील मऊ, मेलेला भाग व अस्तर चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढणे, ही पहिली रूढ झालेली पद्धत. सुरुवातीस पुटीच्या तळाच्या घट्ट हाडात छिद्रेही पाडीत. म्हणजे रक्त येईल आणि नवे हाड भरेल अशी अपेक्षा. प्रत्यक्षात काही घोड्यांत पुटी मोठी झाली, आणि ती पद्धत मागे पडली. पोकळीत दुसरीकडचे हाड भरण्याचाही प्रयोग झाला. त्यानेही अपेक्षित लाभ दिसला नाही. जे तर्काला पटते ते हाडाला पटतेच असे नाही.

खरवडण्याचे फळ वयावर अवलंबून असते. १९९३ ते २००३ या काळात अशी शस्त्रक्रिया झालेल्या ८५ घोड्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या घोड्यांपैकी ६४ टक्के घोडे लंगडणे थांबून निर्दोष झाले. त्याहून मोठ्या घोड्यांत हे प्रमाण ३५ टक्केच निघाले. वय वाढते तसा सांध्याच्या इतर भागांचाही ऱ्हास झालेला असतो, हे त्याचे उघड कारण. मग विचार पुढे सरकला: दाहाचे मूळ जर अस्तरात आहे, तर कूर्चा खरवडून तिचे आणखी नुकसान करण्यापेक्षा दाह शमविणारे औषध थेट अस्तरातच टोचले तर? दुर्बिणीच्या नजरेखाली स्टेरॉइड अस्तरात टोचण्याच्या या पद्धतीचा ५२ घोड्यांवरील अनुभव २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घोडे बरे झाले.

तिसरी पद्धत सर्वांत नवी, आणि विचार करण्यासारखी आहे. तीत पुटीला हातच लावीत नाहीत म्हटले तरी चालेल. कातडीला लहानसा छेद देऊन मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकातून, पुटीला ओलांडून, एक पोलादी स्क्रू आडवा बसवितात. यामागचे तत्त्व जुने आहे. ज्युलियस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्याने १८९२ साली मांडले होते की, हाडावर जसा भार पडतो तसे हाड स्वतःला घडविते. पुटीभोवतीच्या हाडावर भार विषम पडतो म्हणून ते भरत नाही. स्क्रूने त्या भागाला आवळले की भाराची वाटणी बदलते आणि हाड पुन्हा कामाला लागते, अशी ही कल्पना. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा स्क्रू बसविलेल्या २० घोड्यांपैकी १५ घोड्यांचे लंगडणे चार महिन्यांच्या आत थांबले. वीस ही संख्या लहान आहे आणि तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी या उपायाकडे आता पुष्कळ शस्त्रवैद्य वळले आहेत. खुराच्या आतील हाडात पुटी असेल तर वेगळीच वाट धरावी लागते. तेथे कधी खुराच्या कठीण भिंतीतूनच छिद्र पाडून पुटीपर्यंत पोहोचतात आणि नवी भिंत वाढून येईपर्यंत ते छिद्र जपतात.

हे सारे ऐकताना असे वाटेल की अवघड भाग हाडाचा आहे. घोड्यांच्या शस्त्रवैद्यांना विचारले तर ते निराळे सांगतील. खरा जीव टांगणीला लागतो तो भूल देताना आणि त्याहून अधिक ती उतरताना. पाचशे किलोंचे जनावर दोन तास उताणे निजविले की पोटातील आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो, रक्तदाब उतरतो, आणि अंगाच्याच वजनाने खालच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. त्यासाठी जाड गाद्या, पाय योग्य कोनात बांधण्याची व्यवस्था आणि सतत रक्तदाब पाहणारा स्वतंत्र भूलतज्ज्ञ लागतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पुढे धोका उरतोच. घोडा हा स्वभावतः पळून जीव वाचविणारा प्राणी. शुद्धीवर येताच, पाय अजून लटपटत असताना, तो उठून उभे राहण्याची धडपड करतो. त्या धडपडीत निरोगी पायाचे हाड मोडल्याचे प्रसंग घडलेले आहेत. म्हणून भूल उतरण्याची खोली चहूबाजूंनी गादीने मढविलेली असते, उजेड मंद ठेवतात, आवाज होऊ देत नाहीत, आणि कधी डोक्याला व शेपटीला दोर बांधून बाहेरून आधार देतात. अनेक देशांतील रुग्णालयांचा अनुभव एकत्र करून २००२ साली जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत पोटशूळाखेरीज इतर कारणांसाठी भूल दिलेल्या घोड्यांपैकी शंभरात सुमारे एक घोडा दगावल्याचे दिसते. माणसाच्या तुलनेत हा धोका फार मोठा आहे. स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या जीवाला केवळ शर्यत जिंकण्यासाठी हा धोका पत्करावयास लावावा काय, हा प्रश्न मालकाने पहिल्याच दिवशी स्वतःला विचारलेला बरा. लंगडणे न थांबल्यास त्या घोड्याच्या वाट्याला पुढे काय येणार आहे, याचे खरे उत्तर ज्याला ठाऊक आहे त्यालाच या प्रश्नाचेही उत्तर देता येईल.

कारण सर्व घोडे शर्यतीचे नसतात. बेंगळुरूच्या रस्त्यांवर एके काळी जटक्यांना जुंपलेले घोडे असत. मुंबईत व्हिक्टोरिया होत्या, त्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या. माथेरानच्या तांबड्या मातीत माणसे आणि सामान वाहणारी घोडी आजही आहेत. सारंगखेड्याच्या आणि अकलूजच्या बाजारात घोड्याची चाल पारखून किंमत ठरते. भाड्याच्या घोड्याला पुटी झाली तर तिचे चित्र कोण काढणार? तो लंगडतच ओझे वाहतो, आणि एके दिवशी बाजारात कमी दामात हात बदलतो. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा हेब्बाळचे महाविद्यालय यांसारख्या संस्थांच्या रुग्णालयांचे महत्त्व अशा वेळी जाणवते. लाखोंच्या घोड्यामागे खाजगी डॉक्टर उभे राहतात. हजारांच्या घोड्याला सरकारी दवाखान्याखेरीज कोणी नाही. तेथे निदान बधिरतेची कसोटी आणि क्ष-किरणांचे एक चालते यंत्र असावे, ही मागणी अवाजवी नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस बहुतांशी मोतद्दाराचे असतात. टाके निघेपर्यंत घोडा ठाणावरच राहतो. पळणे बंद झाल्यामुळे चंदी कमी करावी लागते, नाहीतर अंगात रग येऊन तो ठाणावरच उड्या मारतो आणि सर्व केलेले वाया जाते. मग रोज पाच-दहा मिनिटे हातात दोर धरून चालविणे, दर आठवड्याला त्यात थोडी भर. खरारा करणारा हात रोज त्या गुडघ्यावरून फिरतो. सूज आली, ऊन लागले, तर ते डॉक्टरच्या आधी त्या हाताला कळते. साधारणतः चार ते सहा महिन्यांनी पुन्हा क्ष-किरण चित्र काढतात. ते पाहून मालकाची पुष्कळदा निराशा होते, कारण पुटी अजून तेथेच दिसते. लहान झालेली, किनार पुसट झालेली, पण आहेच. पशुवैद्य त्या चित्राकडे फार वेळ पाहत बसत नाही. तो घोड्याला पुन्हा त्याच कठीण जमिनीवर नेतो, मोतद्दाराला दोर सैल सोडावयास सांगतो, आणि दुडकीत दोन्ही पुठ्ठे सारखे हलतात की नाही ते पाहतो. ते सारखे हलत असतील तर दुसऱ्या दिवसापासून हलकी रपेट सुरू करण्यास परवानगी मिळते.